‘जुनं कार्ड तर चालतंय!’: नवं ४०९० बसवल्यावर मशीन का रुसतं

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका वास्तुविशारदांकडे २०२१ साली जुळवलेला डेस्कटॉप आहे. रायझन ९ ५९५०एक्स, एक्स५७० मदरबोर्ड, ६४ जीबी रॅम, ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि आत्तापर्यंत आरटीएक्स २०७० हे ग्राफिक्स कार्ड. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले सीन कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावेनात म्हणून त्यांनी आरटीएक्स ४०९० घेतलं आणि काचेतून छान दिसावं म्हणून जुन्या कार्डासारखंच रायझर केबलवर (स्लॉट आणि कार्ड जोडणारी लांब केबल) उभं बसवलं. पहिल्या दिवशी डिस्प्लेच नाही, बोर्डावरचा व्हीजीएचा (ग्राफिक्सची अडचण सांगणारा) दिवा पेटलेला. जुनं कार्ड लावलं की सगळं ठीक. नंतर नवं कार्ड कधी उठतं, कधी नाही. उठलं तरी रेंडर (सीनचं अंतिम चित्र काढणं) लावल्यावर काही मिनिटांत स्क्रीन काळी आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगानं. कधी तर अख्खं मशीन रीस्टार्ट. दुकानदार म्हणतो कार्ड खराब आहे, मित्र म्हणतो एसएमपीएस बदला, आणखी कुणी म्हणतं विंडोज नव्यानं टाका. त्यांचा निष्कर्ष असा: जुनं कार्ड चालतंय म्हणजे बाकी मशीन चांगलं आहे, दोष नव्या कार्डात. शेवटी एक पुस्ती: पुढे दुसरं ४०९० जोडता येईल का?

तुमचा हा निष्कर्षच मला पटत नाही. जुनं कार्ड चाललं यावरून मशीन २०७० पेलू शकतं एवढंच कळतं. २०७० साधारण १७५ वॉट ओढतं, ४०९० ची मर्यादा ४५० वॉट. २०७० पीसीआयई (बोर्ड आणि कार्डामधला डेटाचा मार्ग) ३.० वर बोलतं, ४०९० पीसीआयई ४.० वर. ते एका आठ-पिन जोडणीवर भागवायचं, हे सोळा-पिन जोडणी मागतं. म्हणजे तुमच्या रायझरची, एसएमपीएसची, यूपीएसची आणि कॅबिनेटमधल्या हवेची खरी परीक्षा आत्ता पहिल्यांदा होते आहे. त्यात कोण नापास झालं ते शोधायचं आहे.

आणि तक्रारी दोन आहेत. सुरू होतानाच डिस्प्ले न येणं ही एक, आणि रेंडर लावल्यावर कोसळणं ही दुसरी. सुरू होताना कार्ड पूर्ण भाराच्या मानानं फार थोडी वीज खात असतं, तिथे एसएमपीएसच्या ताकदीचा प्रश्न सहसा नसतो. रेंडरच्या वेळी विंडोज, ड्रायव्हर, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सगळं केव्हाच पार झालेलं असतं. दोन्हींची कारणं वेगळी असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून एकच भाग बदलून दोन्ही जातील ही आशा सोडा, आणि एका वेळी एकच बदल करा.

पहिली तक्रार. माझा संशय थेट रायझरवर आहे. २०२१ मध्ये बसवलेली, तेव्हाच्या उभ्या ब्रॅकेटसोबत आलेली केबल बहुधा पीसीआयई ३.० ची असणार. २०७० ला ती पुरेशी होती, कारण ते कार्डच ३.० चं. आता एका टोकाला एक्स५७० चा ४.० स्लॉट आणि दुसऱ्या टोकाला ४.० चं कार्ड. दोघं ‘ऑटो’वर एकमेकांना ओळखतात, ४.० चा वेग ठरवतात आणि मधली केबल तो वेग धरू शकत नाही. मग कधी जोडणी जमते, कधी नाही. व्हीजीएचा दिवा पेटून राहणं, ‘काल चालू झालं, आज नाही’ हा लहरीपणा, हे त्याचं नेहमीचं लक्षण. मशीन उठतं तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टम लॉगमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) नावाच्या पिवळ्या सूचनांची रांग आहे का पाहा. १७ क्रमांकाच्या, पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा उल्लेख असलेल्या सूचना ढिगानं दिसल्या तर वेगळा पुरावा नको.

पडताळायचे मार्ग दोन. सोपा म्हणजे जुनं कार्ड लावून बायोसमध्ये जायचं, पहिल्या मोठ्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ (म्हणजे ३.०) करायचा, सेव्ह करून मशीन बंद करायचं आणि मग नवं कार्ड लावायचं. ५९५०एक्स मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे जुनं २०७० एवढ्यात विकू नका. बायोस दिसायला तेच लागणार आहे. दुसरा मार्ग खात्रीचा: रायझर काढून टाका आणि कार्ड सरळ स्लॉटमध्ये बसवा. मी तर म्हणेन कायमचंच सरळ बसवा. ४०९० ची बहुतेक कार्डं तीन ते साडेतीन स्लॉट जाडीची आहेत. उभी बसवली की पंख्यांचं तोंड काचेला टेकायला येतं आणि हवा घ्यायला जागाच उरत नाही. दिसतं सुंदर, तापतंही तेवढंच. कुणाला उभंच हवं असेल तर ४.० ची चांगली रायझर घ्यावी, किंवा जुन्या रायझरवर ‘जेन ३’ कायम ठेवावं. जेन ३ च्या सोळा लेनवर (डेटाच्या समांतर वाटांवर) ४०९० चा वेग खेळांमध्ये दोन-तीन टक्क्यांच्या आसपास घटतो. रेंडरमध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की तेवढाही फरक जाणवत नाही.

सरळ बसवताना तीन गोष्टी. स्लॉटच्या टोकाची खिटी ‘टक्’ करून बसली पाहिजे. मागच्या पट्टीचे स्क्रू घट्ट करण्याआधी कार्ड तिरकं नाही ना ते पाहा. कॅबिनेटची पट्टी अर्धा मिलिमीटर पुढेमागे असली तरी कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून उचलली जाते. आणि दोन किलोहून जड कार्ड नुसत्या स्लॉटवर लोंबकळत ठेवू नका. बहुतेक वेळा खोक्यात टेकू येतो, तो लावा. आणि हो, मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना? तुमच्या बाबतीत बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येणं शक्यच नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. दुकानात ‘डिस्प्ले नाही’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये हा प्रकार अजून निघतो.

बायोसचंही बघून घ्या. २०२१ पासून अपडेट केलं नसेल तर जुन्या कार्डावर असतानाच करा, त्यानंतर रॅमचा प्रोफाइल पुन्हा लावावा लागेल. मग ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसाइझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची मोठी मेमरी दिसण्याच्या सोयी) चालू, ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद. इथे एक खड्डा आहे. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते उठणारच नाही आणि लोक म्हणतात, कार्डानं विंडोज खाल्लं. आधी ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये बायोस मोड पाहा. ‘यूईएफआय’ असेल तर निर्धास्त. ‘लेगसी’ असेल तर विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनानं डिस्क बदलता येते, डेटा न पुसता. तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

आता दुसरी तक्रार, जी पैशाची आणि थोडी धोक्याचीही आहे. आधी मशीन नेमकं कसं मरतं ते नीट बघा, कारण प्रत्येक मरण वेगळं बोलतं. मशीन पूर्ण बंद होऊन पॉवर बटणालाही दाद देत नसेल, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद-चालू केल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसनं स्वतःला वाचवण्यासाठी संरक्षण लावलं आहे. आपोआप रीस्टार्ट होत असेल तर व्होल्टेज क्षणभर कोसळलं आहे, एसएमपीएसमुळे किंवा भिंतीकडून. स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे पूर्ण वेगानं, पण गाणं लावलं असेल तर ते चालूच, असं असेल तर मशीन जिवंत आहे आणि कार्डाची तेवढी पीसीआयई जोडणी तुटली आहे. कार्डाला मिळणारी वीज किंवा जोडणीचा संपर्क हे पहिले संशयित. आणि फक्त ब्लेंडर बंद पडून ड्रायव्हरची चूक दिसत असेल तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक किंवा कार्डाची मेमरी. तुमच्या वर्णनात दुसरा आणि तिसरा प्रकार आहे. दोन्हींचा बाण विजेकडे जातो.

हिशेब करू. कार्ड ४५० वॉट. ५९५०एक्स पूर्ण जोरात १४२ वॉट. पंखे, पंप, डिस्क, रॅम, बोर्ड मिळून ६०-८० धरा. बेरीज ६७० च्या घरात, आणि तुमचा एसएमपीएस ७५० चा. कागदावर बसतं, म्हणूनच लोक फसतात. ४५० वॉट ही सरासरीची मर्यादा आहे. काही मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांसाठी कार्ड त्याच्या बरंच वर उसळतं आणि लगेच खाली येतं. जुन्या धाटणीचा एसएमपीएस अशी उसळी पाहून घाबरतो आणि मान टाकतो. हेच लक्षात घेऊन २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसनं क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे अशी अट आली. तुमचा २०२१ चा एसएमपीएस त्या आधीचा. एनव्हीडिया स्वतः ४०९० साठी किमान ८५० वॉट सांगते. मी ५९५०एक्स सोबत १००० वॉटचा, एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा घ्या म्हणेन. नुसता ‘गोल्ड’ शिक्का पाहू नका. तो कार्यक्षमतेचा आहे, उसळी सोसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

पण एसएमपीएस विकत आणण्याआधी साइड पॅनेल उघडा आणि वायरिंग बघा. ४०९० सोबत येणाऱ्या अडॅप्टरला चार आठ-पिन तोंडं असतात. ७५० वॉटच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये ग्राफिक्ससाठी दोनच केबल येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन-दोन तोंडं. लोक ती चारही तोंडं अडॅप्टरला लावून मोकळे होतात. दिसायला चार, खऱ्या केबल दोन! ४५० वॉटचा जवळजवळ सगळा भार दोन केबलवर, म्हणजे एकेकीतून सव्वादोनशे वॉट, प्रत्येक १२ व्होल्टच्या तारेतून सहा अँपिअरहून जास्त. रेंडर थांबवून लगेच केबलला हात लावून पाहा. नीट गरम लागत असेल तर उत्तर मिळालं. प्रत्येक तोंडाला एसएमपीएसपासून वेगळी केबल हवी. किमान तीन, कारण तीन लावल्यावर हा अडॅप्टर कार्डाला ४५० वॉटची परवानगी देतो.

इथे एक गोष्ट ओरडून सांगतो: दुसऱ्या एसएमपीएसची मोड्युलर केबल उसनी आणून लावू नका. केबलचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळा. आत बसते, म्हणून बरोबर आहे असं नाही. अशा उसन्या केबलनं डिस्का आणि बोर्ड जळतात.

सोळा-पिन जोडणीबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० आल्यापासून वितळल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कारण समजून घेतलं तर भीती कमी होते आणि काळजी वाढते, दोन्ही बरं. जुन्या आठ-पिनमध्ये १५० वॉट तीन तारांतून जायचे, म्हणजे पिनेला चार अँपिअरच्या आसपास. पिनेची कुवत त्याच्या कितीतरी वर होती. नव्या जोडणीत सहा पिना ६०० वॉटपर्यंत वाहतात, म्हणजे पिनेला सव्वाआठ अँपिअर, आणि कुवत साधारण साडेनऊ. शिल्लक थोडी. त्यात ४०९० वर सहाही पिना आत एकत्र येतात, कोणत्या पिनेतून किती प्रवाह जातो हे कार्ड पाहत नाही. एका पिनेचा संपर्क सैल झाला की तिचा वाटा बाकीच्या निमूट उचलतात आणि तापतात. त्यामुळे प्लग अर्धवट बसलेला असणं सर्वांत घातक.

मशीन बंद करा, एसएमपीएसचा स्विच बंद करा, प्लग काढा. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंची भोकं एकेक करून पाहा. प्लॅस्टिकवर तपकिरी झाक, फुगवटा किंवा जळका वास असेल तर तिथेच थांबा, फोटो काढा आणि वॉरंटीकडे जा. सगळं स्वच्छ असेल तर प्लग सरळ दाबून बसवा. हा प्लग जड जातो आणि ‘टक्’ आवाज फार बारीक येतो, त्यावर विसंबू नका. शेजारून पाहा: प्लग आणि सॉकेटमध्ये रेघेएवढीही फट दिसता कामा नये. मग हलकेच ओढून पाहा. प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर केबल सरळ राहिली पाहिजे, वळण त्यानंतर. कार्ड सरळ बसवल्यावर हीच अडचण येते: प्लगचं तोंड काचेकडे असतं, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये काच लावली की केबल तिथेच दुमडते. काच दाबून बसवावी लागत असेल तर काच बाजूला ठेवा, तोवर केबल बदला. नव्या एसएमपीएससोबत सुधारित १२व्ही-२एक्स६ ची एकसंध केबल येते, तीच ४०९० ला चालते आणि अडॅप्टरचं झेंगट जातं. या सुधारित रचनेत सॉकेटमधल्या चार छोट्या संकेत-पिना आखूड आहेत, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगवर कार्ड भार घेतच नाही. मात्र हा बदल कार्डाकडच्या सॉकेटमध्ये आहे, सुरुवातीच्या ४०९० ला केबल बदलून तो मिळत नाही.

वायरिंग ठीक करून झालं की एक फुकट चाचणी करा, दुकानात जाण्याआधी. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणा, म्हणजे कार्ड २७० वॉटच्या पुढे जाणार नाही. ब्लेंडरच्या प्रेफरन्समध्ये ऑप्टिक्स (OptiX) या पर्यायाखाली कार्डासोबत सीपीयूवरही टिक असेल तर ती काढा. तोच सीन तासभर रेंडर करा. सुरळीत चाललं, आणि लिमिट १०० वर नेताच पुन्हा कोसळलं, तर दोष विजेच्या साखळीत आहे, कार्ड परत करून काही मिळणार नाही. ६० टक्क्यांवरही तसंच कोसळलं तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता वाढते. मग कार्ड मित्राच्या चांगल्या एसएमपीएसच्या मशीनवर लावून पाहा आणि वॉरंटी मागा. जाता जाता: नवा एसएमपीएस येईपर्यंत ७० टक्क्यांवर काम चालवायला हरकत नाही. ३१५ वॉटमध्ये ४०९० चा वेग दहा टक्केही कमी होत नाही. मी स्वतः उन्हाळ्यात तसंच ठेवतो.

भिंतीकडेही बघा, हे आपल्याकडे फार राहून जातं. मशीन यूपीएसवर आहे का? घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉट. २०७० असताना त्याच्यावर निभलं असेल. आता रेंडर लावलं की भिंतीकडून सातशे वॉट मागितले जातात, यूपीएस हात वर करतो आणि मशीन रीस्टार्ट. एकदा यूपीएस वगळून थेट भिंतीवर रेंडर करून पाहा, दहा मिनिटांत कळेल. यूपीएस हवाच असेल तर वॉटमध्ये हजाराच्या वरचा, प्युअर साइन वेव्हचा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे मशीन नको. कॅबिनेटला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियन बोलवा, कार्डाचं नंतर पाहू.

नागपूरचा मे महिना. ४०९० ची कमाल तापमान मर्यादा ९० अंश आहे. खोलीतच ३८-४० असेल तर कार्डाला श्वास घ्यायला जागा थोडी. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून रेंडर करा, मग साइड पॅनेल काढून पुन्हा करा. आठ-दहा अंश फरक पडला तर कॅबिनेटची हवा कोंडते आहे, पुढे दोन पंखे वाढवा. आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. विदर्भातल्या कडक पाण्याचे बारीक तुषार आत जातात, वाळतात, आणि पंख्यांच्या पात्यांवर, हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये पांढरा क्षार बसतो. तो ब्रशनं निघता निघत नाही.

विंडोज नव्यानं टाकायची गरज नाही. सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) चालवून जुना ड्रायव्हर पुसा, तेवढा वेळ इंटरनेट काढून ठेवा, नाहीतर विंडोज स्वतःच मधे एखादा ड्रायव्हर घुसवतं. मग एनव्हीडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’ पाहताना कार्ड निवांत असेल तर ‘१.१’ दिसेल, घाबरू नका. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून भार द्या, मग खरा वेग दिसतो. ‘एक्स१६’ ऐवजी ‘एक्स८’ आलं तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे इंटेलचा झेड७९० किंवा एएमडीचा एक्स८७०ई बोर्ड असेल तर मॅन्युअल उघडा; काहींमध्ये एक एम.२ स्लॉट कार्डाच्या लेनमध्येच वाटा मागतो आणि तिथे एसएसडी लावली की कार्ड आठवर येतं.

राहिलं दुसरं ४०९०. नको. ५९५०एक्सकडे कार्डांसाठी सोळाच लेन आहेत, त्या आठ-आठ वाटल्या जातील, तेही तुमचा बोर्ड तशी वाटणी देत असेल तरच. लेनपेक्षा जागा मोठी अडचण आहे: साडेतीन स्लॉटची दोन कार्डं साध्या बोर्डावर शेजारी मावत नाहीत, आणि मावली तरी वरच्याला खालच्याची गरम हवा. एसएमपीएस १६०० वॉटचा लागेल. आणि दोन कार्डांच्या २४-२४ जीबीचे ४८ होत नाहीत. ४०९० वर एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडणारी सोय) नाही, ती ३०९० सोबत गेली. सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावावा लागतो. ॲनिमेशनच्या फ्रेम वाटून द्यायच्या असतील तर त्याच पैशात दुसरं स्वतंत्र मशीन जुळवा. त्यात तुमचं २०७० सुरुवातीला बसवता येईल आणि एक मशीन अडलं तर दुसऱ्यावर काम चालू राहील. सीनच २४ जीबीत मावत नसेल तर ३२ जीबीचं ५०९० पाहावं लागेल. ते ५७५ वॉटचं आणि पीसीआयई ५.० चं आहे, म्हणजे रायझर आणि एसएमपीएसचा वर लिहिलेला सगळा तपास तिथे आणखी कडक.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: रायझर काढणं, केबल आणि प्लग, यूपीएस वगळून चाचणी, ६० टक्क्यांची चाचणी. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही. त्यानंतरही अडलं तर मरण कोणत्या प्रकारचं होतं ते, इव्हेंट व्ह्यूअरमधला त्या वेळचा क्रमांक आणि प्लगचा जवळून काढलेला फोटो पाठवा.